बॉल बाजूला ठेवा, आधी मूठ कुठे अडते ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय ६२. पडल्यामुळे उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर होतं, ते निघून दहा दिवस झाले. बोटं सुजलेली आहेत, मूठ अर्धीच वळते, मनगट वर उचलत नाही. कुणी स्पंजचा बॉल दाबायला सांगितलंय, कुणी जोर लावून मालिश करायला. त्यातच धाकट्या भावाचं मधलं बोट तळहाताच्या बाजूनं काचेनं कापलं. ‘शीर’ शिवून बारा दिवस झालेत आणि तोच बॉल आपणही दाबावा का, असं तो विचारतोय. हँड थेरपीत यापेक्षा वेगळं काय करतात, हेही तुम्हाला समजून घ्यायचंय.

भावाचं आधी सांगते, कारण त्याच्या बाबतीत उशीर परवडणार नाही. त्यानं बॉल दाबायचा नाही. आज नाही, आणि पुढचे कित्येक आठवडेही नाही. सर्जननी दिलेला स्प्लिंट (बोट ठरलेल्या स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार) त्यांना विचारल्याशिवाय अंघोळीलासुद्धा काढायचा नाही, त्या हातानं काही धरायचं नाही, उचलायचं नाही, आणि बोट सरळ होतंय का ते बघायला ताणायचं तर मुळीच नाही. का, ते पुढे येईलच.

आता आईंचा हात. मूठ वळत नाही म्हणजे ताकद गेली, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आणि म्हणून बॉल हातात येतो. मी हँड थेरपिस्ट, वीसहून जास्त वर्षं फक्त हातांवर काम करते. प्लॅस्टर निघाल्यावर आलेल्या हातांमध्ये मूठ निव्वळ ताकदीअभावी अडलेली फार क्वचित सापडते. ती अडते सुजेनं, आखडलेल्या सांध्यानं, चिकटलेल्या कंडरेनं (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे टेंडन), तळहातातल्या आखडलेल्या छोट्या स्नायूंनी, नाहीतर मनगटामुळे. यातलं नेमकं काय आहे हे पाच मिनिटांत बरंचसं कळतं, आणि ते कळल्याशिवाय व्यायाम सुरू करण्यात अर्थ नाही.

आईंना दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला सांगा. चांगल्या हाताच्या सांध्यांवर आडव्या सुरकुत्या दिसतील. दुखऱ्या हातावरच्या पुसल्या गेल्या असतील, तर सूज अजून आहे. तळहाताची कातडी जाड असते आणि खाली घट्ट बांधलेली असते. हाताच्या पाठीची सैल असते. म्हणून पाणी साचतं ते पाठीकडे. मूठ वळताना ताणायचं असतं याच पाठीच्या कातडीला, आणि ती तर आधीच भरून ताणलेली. मग बोटांच्या मुळाचे सांधे सरळ राहतात आणि मधले वाकलेले राहतात. मुळाच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) सांधा वाकलेला असताना ताणलेले असतात, सरळ असताना सैल. तसे सैल स्थितीत आठवडेच्या आठवडे राहिले की ते तिथेच आखडतात आणि मग सूज उतरली तरी मूठ वळत नाही. म्हणूनच हात काही काळ बांधून ठेवायचा असतो आणि दुखापतीची तशी मुभा असते, तेव्हा आम्ही मुळाचे सांधे ७० ते ९० अंश वाकवलेले, पुढचे सांधे सरळ आणि मनगट थोडं वर अशी ठेवण पसंत करतो. मनगटाच्या प्लॅस्टरमध्ये बोटांची मुळं मोकळी हवीत, तळहाताच्या घडीच्या पुढे प्लॅस्टर येता कामा नये, ते याचसाठी. फार वेळा ते पुढे आलेलं असतं आणि सहा आठवडे कुणी तिकडे पाहिलेलं नसतं.

दुसरं, फूटपट्टी घ्या. आईंना जमेल तेवढी मूठ वळू द्या आणि प्रत्येक बोटाचं टोक तळहातावरच्या वरच्या आडव्या रेषेपासून किती सेंटिमीटरवर थांबतं ते लिहून ठेवा. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, चारही. हा आकडा आठवड्यातून दोनदा घ्या. ‘थोडं बरं वाटतंय’ यापेक्षा मला हा आकडा हवा असतो.

तिसरं, त्या मूठ वळून थांबल्या की तुमच्या बोटानं त्यांचं एक बोट हळूच आणखी पुढे न्या, दुखेपर्यंत नाही. तुम्ही नेलेलं जात असेल पण त्यांना स्वतःला नेता येत नसेल, तर सांधा मोकळा आहे. कंडरा सरकत नाही किंवा स्नायू आळसावलाय. तुम्हालाही नेता येत नसेल, तर अडथळा सूज, सांधा किंवा पाठीकडची कातडी आणि कंडरा यांच्यात कुठेतरी आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित. ही तुम्ही स्वतःच्या हातावर करून पाहा: मनगट पूर्ण खाली वाकवा आणि तसंच ठेवून घट्ट मूठ वळा. नाही वळत, निदान घट्ट तर नाहीच. आता मनगट थोडं वर उचला, मूठ आपोआप आवळते. मनगट वर गेलं की बोटं मिटायला सोपी, खाली गेलं की उघडायला सोपी, अशी कंडरांची लांबीच आहे. आईंचं मनगट वर उचलत नाही आणि त्या पडलेल्या मनगटानं मूठ वळायला बघताहेत. त्यांचं मनगट तुमच्या हातानं अलगद आधार देऊन सरळ धरा, मग मूठ वळायला सांगा. आकडा लगेच कमी झाला, तर तुमचं निम्मं उत्तर मनगटात आहे.

पाचवं, बोटाच्या मुळाचा सांधा सरळ धरून मधला सांधा वाकवून पाहा, मग मुळाचा सांधा वाकवून तोच मधला सांधा वाकवा. दुसऱ्या वेळी तो सहज वाकला आणि पहिल्या वेळी अडला, तर तळहातातले छोटे स्नायू आखडलेत. आता बॉल आठवा. बॉल धरताना मुळाचे सांधे वाकलेलेच असतात, म्हणजे या स्नायूंना ताण मिळतच नाही. शिवाय बोटं बॉलच्या गोलाईवर येऊन थांबतात. आईंची मूठ आज जिथे अडते, नेमकी तिथेच. पुढचे जे सेंटिमीटर मिळवायचेत, त्यात बॉलच आडवा पडलेला असतो.

मग करायचं काय? पहिलं सुजेचं. हात छातीच्या वर, म्हणजे बसल्यावर उशांच्या उंचवट्यावर, बोटांची टोकं कोपराहून उंच. झोळीत लोंबकळलेला हात सुजतो, आणि खांदाही आखडतो. झोळी सोडायला सांगितली असेल तर सोडा आणि दिवसातून काही वेळा हात डोक्यावर पूर्ण न्या. बोटांच्या टोकांकडून मनगटाकडे हलक्या हातानं, कातडी फक्त सरकेल इतक्याच दाबानं चोळा. जोर लावला तर उलट होतं. गरज पडली तर थेरपिस्ट बोटांना चिकटपट्टीसारखी लवचीक पट्टी गुंडाळायला शिकवतात किंवा दाबाचा हातमोजा देतात.

बोटांसाठी कंडरा सरकवण्याचा क्रम असतो. बोटं सरळ; मग हुक, म्हणजे मुळाचे सांधे सरळ ठेवून फक्त पुढचे दोन सांधे वाकवायचे; पुन्हा सरळ; मग पूर्ण मूठ; पुन्हा सरळ; मग टेबलासारखे फक्त मुळाचे सांधे वाकवायचे. यातला हुक मला सगळ्यात प्रिय आहे. प्रत्येक बोटात वाकवणाऱ्या दोन कंडरा एकमेकींना लागून जातात आणि हुकच्या स्थितीत त्या एकमेकींवरून सर्वाधिक सरकतात. तळहातातल्या छोट्या स्नायूंना ताणही याच स्थितीत मिळतो. प्रत्येक स्थितीत तीन-चार सेकंद थांबायचं, पाच-सहा वेळा करायचं, आणि जागेपणी साधारण दर दोन तासांनी. सकाळी एकदाच पाऊण तास घाम गाळून केलेल्या व्यायामानं हात संध्याकाळी सुजतो. थोडं आणि वारंवार केलेलंच हाताला मानवतं.

मनगट वर उचलताना एक चूक हमखास होते आणि ती मी रोज दुरुस्त करते. माणूस बोटं ताठ करून मनगट उचलतो. म्हणजे काम बोटं उघडणाऱ्या स्नायूंनी केलं. मनगट उचलणारे खरे स्नायू झोपलेलेच राहिले. नंतर मूठ वळायला गेलं की मनगट पुन्हा खाली पडतं. आईंचा अग्रबाहू (कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग) टेबलावर, हात कडेच्या बाहेर. हातात एखादं पेन किंवा गुंडाळलेला रुमाल सैल धरायला द्या आणि तसा धरूनच मनगट उचलायला सांगा. सुरुवातीला इंचभर उचललं तरी चालेल, पण ते खरं उचललेलं असेल. तळहात आकाशाकडे वळवायचा व्यायामही याच वेळी हवा. त्यात कोपर बरगडीला चिकटलेलं असू द्या, नाहीतर खांदा फसवतो आणि हात वळल्यासारखा फक्त दिसतो.

दुखण्याचं प्रमाण कसं ओळखायचं? ताण जाणवला पाहिजे, थोडं दुखलं तर चालेल, पण ते अर्ध्या तासात निवलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला नसावा. सुजला असेल, तर व्यायाम बंद न करता निम्मा करा.

जोर लावून मालिश आणि दुसऱ्यानं बोटं दाबून मूठ मिटवणं, हे मात्र थांबवा. घरच्यांच्या मनात मायाच असते, पण ताठर सांध्याला झटका दिला की आत बारीक फाटतं, पुन्हा सूज येते, आणि नवा वण जुन्यापेक्षा घट्ट बसतो. कोपराच्या दुखापतीत तर असल्या जबरदस्तीनं स्नायूत हाड तयार होण्याचा धोका असतो. आखडलेला सांधा लांब होतो तो हलक्या ताणानं आणि भरपूर वेळानं. ताकदीऐवजी तास मोजायचे. म्हणून आम्ही काहींना स्प्लिंट देतो, जो सांध्याला त्याच्या मर्यादेच्या टोकाशी अर्धा-अर्धा तास किंवा रात्रभर सौम्यपणे धरून ठेवतो.

आईंच्या बाबतीत तीन गोष्टींवर नजर ठेवा आणि दिसल्या तर थेरपीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. एक: दुखणं दुखापतीच्या मानानं फारच जास्त, नुसती चादर लागली तरी आग, हाताचा रंग किंवा ऊब दुसऱ्या हाताहून वेगळी, जास्त घाम, वाढती ताठरता. हा सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) नावाचा त्रास असू शकतो आणि तो जितका लवकर ओळखला जाईल तितका बरा. दोन: अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात बधिरपणा किंवा रात्री मुंग्यांनी जाग येणं. मनगटातून जाणाऱ्या मज्जातंतूवर सुजेचा दाब आला की असं होतं. तीन: तळहात टेबलावर पालथा सपाट ठेवल्यावर अंगठा वर उचलता न येणं, आदल्या दिवशी येत असताना. अंगठा उचलणारी लांब कंडरा मनगटाच्या मागे हाडाच्या छोट्या उंचवट्याला वळसा घालून जाते, आणि मनगट मोडल्यावर काही आठवड्यांनी ती तिथे झिजून तुटू शकते. हाड जागचं फारसं हललेलंच नव्हतं अशा साध्या फ्रॅक्चरमध्येही हे घडतं. दुखत नाही फारसं, म्हणून लोक दुर्लक्ष करतात.

आता भावाची ‘शीर’. आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो, मज्जातंतूलाही आणि कंडरेलाही. त्यामुळे पेशंट ‘शीर कापली होती’ म्हणाला की मला आधी शस्त्रक्रियेचा कागद मागावा लागतो. तुमच्या वर्णनावरून बोट वाकवणारी कंडरा कापली असणार. तळहातावरच्या वरच्या आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या भागात दोन्ही कंडरा एका अरुंद नळीतून जातात, आणि त्यातली एक दुभंगून दुसरीला वाट देते. इथे टाके घातले की सगळं एकमेकांना चिकटायचं. हाताच्या शस्त्रक्रियेचे आद्य पुरुष मानले जाणारे अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. तिथे लगेच कंडरा शिवूच नये, असा तेव्हाचा कल होता. १९६०च्या दशकात हॅरल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लगेच शिवून, रबरबँडच्या साहाय्यानं बोट हलतं ठेवून चांगले हात मिळवून दाखवले. १९७५मध्ये ड्युरॅन आणि हाउझर यांनी मांडलं की कंडरा ३ ते ५ मिलिमीटर सरकत राहिली तरी ती चिकटण्यापासून बरीच वाचते. आज बऱ्याच ठिकाणी पहिल्या आठवड्यातच हलकी, स्वतःहून केलेली हालचाल सुरू होते. पण किती आणि कधी, हे टाके किती धाग्यांचे आहेत आणि कंडरा कुठे कापली यावर ठरतं. ते सर्जन आणि थेरपिस्ट मिळून ठरवतात.

म्हणजे भावाच्या बोटात दोन धोके समोरासमोर उभे आहेत. अजिबात हललं नाही तर कंडरा चिकटेल. जोर लागला तर तुटेल. बाराव्या दिवशी कंडरा स्वतःच्या बळावर जोडलेली नसते, तिला धाग्यांनीच धरलेलं असतं. बॉल दाबताना कंडरेवर पडणारा ताण हा हवेत हळूच बोट वाकवण्याच्या कितीतरी पट असतो. थेरपिस्टचं सगळं कसब या दोन धोक्यांमधल्या चिंचोळ्या वाटेनं पेशंटला बारा आठवडे नेण्यात आहे.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. माझ्याकडच्या ज्या पेशंटची कंडरा तुटली, त्यातले बहुतेक आळशी नव्हते. ज्यांचं छान चाललं होतं तेच होते. एक तरुण अजून आठवतो. पाचव्या आठवड्यात बोट जवळजवळ तळहाताला टेकत होतं, दुखत काहीच नव्हतं. त्यानं भरलेली बादली उचलली. ‘टक्’ असं काहीतरी झालं, म्हणाला, आणि बोट सरळच राहिलं. मी त्याचं बोट माझ्या हातात घेतलं आणि टोकाचा सांधा वाकवायला सांगितलं. सगळा हात प्रयत्नानं थरथरत होता, तो सांधा मात्र हलला नाही. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पण पहिल्या वेळची हालचाल परत मिळाली नाही. दुखत नाही म्हणजे जोडलं गेलं, असं भावानं समजू नये. जड कामाला साधारण बारा आठवड्यांनंतरच, तेही विचारून.

भावाला हेही विचारा की बोटाच्या टोकाची एक बाजू बधिर आहे का. त्या जागी कंडरेशेजारूनच बोटाचे मज्जातंतू जातात, त्यामुळे ते बरेचदा सोबत कापले जातात. शिवलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं वाढतो. बोटाच्या मधोमध कापलं असेल तर टोकाला जाण यायला काही महिने लागणार. तोवर गरम भांडं आणि धारदार वस्तू डोळ्यांनी पाहून हाताळायची, स्पर्शावर विसंबायचं नाही. जाण परत यायला लागते तेव्हा आधी मुंग्या आणि विचित्र झिणझिण्या येतात. तेव्हा वेगवेगळे पोत, आधी बघत आणि मग डोळे मिटून, ओळखायचा सराव मेंदूला पुन्हा वाचायला शिकवतो.

हँड थेरपी म्हणजे वेगळं काय, याचं उत्तर खरं तर वरच आलं. ऑक्युपेशनल किंवा फिजिओथेरपी शिकून, पुढे हात आणि बाहू यांवरच काम केलेला माणूस. हातात आणि मनगटात मिळून २७ हाडं. बोटाच्या एका सांध्यातला दहा अंशांचा फरकही शर्टचं बटण लावता येईल की नाही ते ठरवतो. दुसऱ्या महायुद्धात जखमी हातांसाठी अमेरिकी लष्करात खास केंद्रं निघाली. तमिळनाडूतल्या वेल्लोरला सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगानं वाकड्या झालेल्या बोटांवर चांगली कंडरा नव्या जागी जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. तिथेही शस्त्रक्रियेनंतर हात पुन्हा शिकवणाऱ्या थेरपिस्टशिवाय काम पूर्ण होत नव्हतं. आमचं रोजचं हत्यार म्हणाल तर कोनमापक, पकड मोजणारं यंत्र आणि गरम पाण्यात मऊ होणारं प्लास्टिकचं शीट. शीट पाण्यातून काढल्यावर दोन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात ते पेशंटच्याच हातावर घडवायचं. कडा बाहेर वळवायच्या, हाडाच्या उंचवट्यावर टोचणार नाही असं करायचं. तयार स्प्लिंट काही आजारांत चालतो; कंडरा शिवलेल्या बोटाला सहसा नाही.

बाकीच्या दुखण्यांचं थोडक्यात सांगते, कारण घरात कधीतरी लागतं. बोटाचं टोक अचानक खाली पडलं आणि स्वतःहून उचलत नसेल, तर टोकाचा सांधा सहा ते आठ आठवडे अखंड सरळ ठेवायचा. धुताना एकदा जरी टोक वाकलं तरी मोजणी पुन्हा एकपासून. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर झोपताना मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट आधी वापरून पाहण्यासारखा आहे. मनगट वाकलं की आतला दाब वाढतो. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना अंगठ्याच्या बाजूनं मनगट दुखतं, तिथे अंगठा फाकवून उचलण्याऐवजी बाळाच्या खाली तळहात घालून उचलायला शिकवलं की पुष्कळ फरक पडतो. अंगठ्याच्या मुळाच्या झिजेत चिमटीचा जोर मुळाशी अनेक पटींनी वाढतो. तिथे बॉल दाबणं म्हणजे दुखण्यावर दाब.

आईंच्या ताकदीचं काय? ती शेवटी. एक्स-रेत हाड पक्कं दिसलं, सूज गेली, बोटं तळहाताला टेकू लागली की मऊ थेरपी पुटीपासून (व्यायामासाठीचा कणकेसारखा मऊ गोळा) सुरुवात करायची. पुटी दाबल्यावर बोटं आत बुडतात आणि मूठ पूर्ण होते, बॉलमध्ये ते होत नाही.

पहिल्या भेटीला येताना दोघांचे एक्स-रे, भावाचा शस्त्रक्रियेचा कागद आणि आईंच्या चार बोटांचे तारखेसह लिहिलेले आकडे आणा. भावाची भेट शक्यतो उद्याच ठरवा. आईंची याच आठवड्यात झाली तरी चालेल, फक्त तोवर हात उंच राहू द्या.